होस्ट्स फायलीचं कूळ

३ ऑक्टोबर २००६ रोजी साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक आयडीबीआयमध्ये विलीन झाली. पुढच्याच एप्रिलमध्ये सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये गेली. पहिली १९३६ सालची, दुसरी १९१६ची. अवघ्या सहा-सात महिन्यांत कृष्णाकाठच्या दोन जुन्या पाट्या उतरल्या. अशा वेळी बातम्या येतात त्या भागधारकांच्या, ठेवीदारांच्या. संगणक खात्याचं काम बातमीत येत नाही आणि त्यातलं पहिलं काम तर निव्वळ कारकुनी असतं: कोणत्या यंत्राचं नाव काय, पत्ता काय, याचा तक्ता करणं.

डेटाबेसचं क्लस्टर उभारतानाही सुरुवात तिथूनच होते. क्लस्टर म्हणजे एकच डेटा दोन-चार सर्व्हरनी मिळून सांभाळायचा. एक बंद पडला तरी काउंटरवरचं काम थांबता कामा नये. सॉफ्टवेअर चढवण्याआधी प्रत्येक सर्व्हरवर, म्हणजे नोडवर, ‘होस्ट्स’ नावाची छोटीशी फाइल भरावी लागते. ओरॅकल या डेटाबेस कंपनीच्या जुन्या पद्धतीत नोडमागे तीन ओळी: पब्लिक, प्रायव्हेट आणि व्हर्च्युअल. या ओळी एका बैठकीत कुणी ठरवलेल्या नाहीत. पब्लिक म्हणजे नोडचा नेहमीचा पत्ता; उरलेल्या दोन्हींमागे एकेक वेगळी अडचण आहे.

आधी फाइल. १९७०च्या दशकात अमेरिकेच्या अर्पानेटवर यंत्रं थोडी होती. प्रत्येक ठिकाणी आपापली यादी ठेवली जाई आणि याद्या एकमेकींशी जुळत नसत. १९७४च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एकच अधिकृत यादी ठेवायचं ठरलं. एलिझाबेथ फाइनलर यांच्या कचेरीत ती सांभाळली जाई. नवं यंत्र जोडायचं तर तिथे कळवायचं, आणि बाकी सर्वांनी ताजी यादी उतरवून घ्यायची. जाळं वाढलं तशी ही रीत मोडकळीला आली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसचा आराखडा मांडला आणि मध्यवर्ती यादी हळूहळू निवृत्त झाली. पण तिचं लहान रूप युनिक्समध्ये शिल्लक राहिलं, तिथून लिनक्समध्ये आलं. डीएनएस कोलमडलं तरी नोडना एकमेकांची ओळख राहावी, हा तिचा आजचा उपयोग. जुनी वस्तू अडगळीत न जाता कामाला आली, असं संगणकाच्या जगात फार वेळा होत नाही.

आता पत्ता. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृत कवीही होते. सांगलीचा पिन ४१६४१६, साताऱ्याचा ४१५००१. पण विटा आणि शिराळा सांगली जिल्ह्यात असूनही त्यांचा पिन ४१५ने सुरू होतो, आणि साताऱ्यातल्या वाईचा ४१२ने. पहिले तीन आकडे टपालाची वर्गवारी कुठे होणार ते सांगतात. कलेक्टर कचेरीशी त्यांना कर्तव्य नाही. आयपी पत्त्याचंही असंच आहे. सुरुवातीचे आकडे जाळं सांगतात, उरलेले यंत्र. आणि सुरुवातीचे म्हणजे नेमके किती, हे सबनेट मास्क ठरवतो. दोन सर्व्हर एकाच कपाटात, एकावर एक असले तरी मास्क चुकला की ते परगावचे होतात.

प्रायव्हेट ओळीत बहुधा १० किंवा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता असतो. यातला १० हा आकडा मुळात खुद्द अर्पानेटचा. १९९० साली अर्पानेट बंद झालं, तो आकडा मोकळा झाला आणि पुढे खाजगी वापरासाठी राखून ठेवला गेला. फेब्रुवारी १९९६च्या आरएफसी १९१८ या नियमपत्रात त्याच्यासोबत १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे गटही आहेत. हे पत्ते कुणीही, न विचारता वापरावेत. म्हणूनच दोन संस्था एकत्र येतात तेव्हा दोन्हीकडे १०.१.१.५ निघू शकतो, आणि दोघांचंही बरोबरच असतं! हा धोका त्या नियमपत्रातच लिहिलेला आहे, आणि राखीव पत्त्यांतले कुठलेही, मनाला येतील ते निवडा, असा तोडगाही. पुष्कळ लोक तरीही १९२.१६८.१पासूनच सुरुवात करतात.

क्लस्टरला स्वतंत्र खाजगी वाट हवी, ही कल्पना मात्र याहून जुनी. डीईसी कंपनीचं व्हॅक्सक्लस्टर १९८३ सालचं. त्यातल्या यंत्रांमध्ये सेकंदाला ७ कोटी बिट नेणारी खास दुहेरी केबल असे. कोण जिवंत, कोण मेलं हे मतमोजणीने ठरवायचं, हेही तिथलंच. ओरॅकलने २००१ साली आरएसी हे आपलं क्लस्टर आणलं तेव्हा नोड आपल्या मेमरीतला डेटा एकमेकांना थेट अशाच खाजगी वाटेने पाठवू लागले. तिच्यावरून दर सेकंदाला ‘मी आहे’ असा निरोप जातो. साधारण ३० सेकंद तो आला नाही तर एका नोडला क्लस्टरबाहेर काढलं जातं. ही क्रूरता आवश्यक आहे; दोन्ही नोड आपणच मालक समजून लिहू लागले तर डेटाची माती होते.

व्हर्च्युअल ओळ सगळ्यांत धाकटी, २००३ साली जाहीर झालेल्या ओरॅकल १०जी या आवृत्तीमधली. नोड एकाएकी मेला की त्याच्याकडे गेलेली मागणी टीसीपीच्या मुदतीपर्यंत लोंबकळत राही, कधी कधी कित्येक मिनिटं. म्हणून तरंगता पत्ता दिला. नोड पडला की तो पत्ता जिवंत नोडवर जातो, तिथून ताबडतोब नकार मिळतो आणि मागणारा दुसरं दार ठोठावतो. २००९च्या ११जी आर२ या आवृत्तीत स्कॅन आलं: सगळ्या क्लस्टरला एक नाव, त्यामागे तीन पत्ते, आणि तेही डीएनएसमध्ये नोंदवायचे.

कराड-सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडून जे या कामाला लागतील त्यांना एकच सांगणं. काही लिनक्स आपणहून यंत्राचं नाव १२७.०.०.१च्या ओळीवर लिहून ठेवतात. हा पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. अशा नोडला आपलं नाव विचारलं की तो स्वतःकडेच बोट दाखवतो, आणि शेजारी त्याच्यापर्यंत पोचत नाही. तेव्हा इन्स्टॉलर उघडण्याआधी प्रत्येक नोडवर ती ओळ वाचा, तिथे यंत्राचं नाव असेल तर काढा, आणि पब्लिक व प्रायव्हेट नावांवर दोन्ही बाजूंनी पिंग करून बघा. व्हर्च्युअल पत्त्याला मात्र या टप्प्यावर उत्तर येता कामा नये. आलं तर तो पत्ता आधीच कुणीतरी वापरतंय.