अडीच किलोची रेघ

गेल्या महिन्यात मी मामा झालो! भाची झाली. ताई आणि बाळ दोघी ठीक. (पेढे ऑफिसात वाटून झालेत, उशिरा आलेल्यांनी तक्रार करू नये.) फक्त वजन भरलं २ किलो १८० ग्रॅम, आणि फाईलवर तीन अक्षरं पडली: एलबीडब्ल्यू. लो बर्थ वेट. आईने ताईला "तूही अशीच मुठीएवढी होतीस गं" म्हणून विषय संपवला. मी पडलो इंजिनियर. रात्री दीड वाजता नेटवर शोधत बसलो.

तिथे जे सापडलं त्याने झोपच उडाली. कमी वजनाच्या बाळांमध्ये सिगरेट ओढणाऱ्या आयांची बाळं जास्त जगतात, असं एक जुनं संशोधन! आता आमच्या ताईने आयुष्यात सिगरेट हातात धरलेली नाही. म्हणजे त्या हिशोबाने आमचीच पोरगी जास्त धोक्यात?

तर मंडळी, या भानगडीचा इतिहास मोठा मजेशीर आहे.

१९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने २५०० ग्रॅमची रेघ मारली. रेघेवर किंवा खाली ते बाळ 'अपुऱ्या दिवसांचं'. पण पूर्ण दिवस भरूनही लहान जन्मणारी बाळं असतातच की! म्हणून १९६१ मध्ये नाव बदलून 'कमी जन्मवजन' केलं. रेघ तीच राहिली. (व्हेरिएबलचं नाव बदललं, कोड तोच. ओळखीचं वाटतंय ना?)

१९५९ पासून कॅलिफोर्नियात जेकब येरुशाल्मी नावाचे संख्याशास्त्रज्ञ हजारो गरोदर बायकांची माहिती जमवत होते. माणूस ऐरागैरा नव्हता. कोविडच्या काळात आपण टेस्टची 'सेन्सिटिव्हिटी' आणि 'स्पेसिफिसिटी' ऐकून ऐकून कंटाळलो, ते शब्द वैद्यकीय तपासण्यांसाठी १९४७ मध्ये यांनीच आणले. १९६४ आणि १९७१ च्या लेखांत त्यांनी मांडलं की धूम्रपान करणाऱ्या आयांना कमी वजनाची बाळं जवळजवळ दुप्पट प्रमाणात होतात, पण त्या कमी वजनाच्या बाळांचा मृत्युदर मात्र इतर आयांच्या तशाच बाळांपेक्षा जवळजवळ निम्मा! एकूण मृत्युदरात त्यांना फारसा फरक दिसला नाही. मग १९७२ मध्ये त्यांनी आणखी एक डाव टाकला. ज्या बायका पुढे सिगरेट ओढायला लागल्या, त्यांची त्याआधीची बाळंतपणं तपासली. तेव्हाही बाळं लहानच. म्हणजे दोष धुराचा नाही, त्या प्रकारच्या बाईचाच, असा त्यांचा रोख.

मला इथे येरुशाल्मींना खलनायक करायचं नाहीये. 'दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण नव्हे' हे ते बजावत होते आणि ते बरोबरच आहे. घोळ वेगळीकडे होता. त्याच वर्षी ब्रिटनमधून १९५८ च्या मोठ्या पाहणीचा हिशोब आला. तिथे धूम्रपान करणाऱ्यांमध्ये बाळ दगावण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त निघालं. १९८४ मध्ये अमेरिकेत खराखुरा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट, एका गटाला सिगरेट सोडायला मदत. त्या गटाची बाळं सरासरी ९२ ग्रॅमने जड भरली. म्हणजे वजन घटण्यामागे धूर होताच.

मग ते निम्म्याचं कोडं?

आपल्या ऑफिसचं उदाहरण घ्या. एकजण कर्जतहून लोकलने येतो, दुसरा समोरच्या बिल्डिंगमध्ये राहतो. कर्जतवाला उशिरा आला तर बहुतेक सिग्नल बिघडला असेल. समोरचा उशिरा आला तर घरी खरंच काहीतरी झालंय. आता एचआरने फक्त उशिरा आलेल्यांची यादी काढली तर काय दिसेल? कर्जतवाल्यांच्या घरी आजारपणं कमी! चला, सगळे कर्जतला राहायला!

बाळांचंही हेच. सिगरेट सगळ्याच बाळांचं वजन थोडं थोडं खाते, त्यामुळे एरवी धडधाकट असती अशी बरीच बाळं रेघेखाली ढकलली जातात. सिगरेट न ओढणाऱ्या आईचं बाळ रेघेखाली गेलं तर कारण दुसरं असतं, आणि त्यात जन्मजात व्यंगासारखी जास्त घातक कारणंही आली. रेघेखालचाच डेटा घेतला की सिगरेट चक्क संरक्षक दिसते. डेटात बग नव्हता, बग फिल्टरमध्ये होता.

हे बाणांच्या आकृत्या काढून नीट दाखवलं २००६ मध्ये, सोनिया हर्नांडेझ-डियाझ, शिस्टरमन आणि हर्नान यांनी. डेटा अमेरिकेतल्या १९९१ च्या जवळपास ३० लाख जन्मांचा. सगळी बाळं घेतली तर धूम्रपानाने वर्षाच्या आत मृत्यूचा दर १.५५ पट. फक्त २००० ग्रॅमखालची घेतली तर ०.७९ पट. डेटा तोच, फिल्टर वेगळा! १९६४ ते २००६, म्हणजे बेचाळीस वर्षं लागली. आपल्याकडे एखादा बग दोन स्प्रिंट राहिला तर मॅनेजर काय बोलतो ते लिहीत नाही.

पण खरं सांगू? हे समजल्यावर मला हायसं वगैरे वाटलं नाही. 'न ओढणाऱ्या आईचं लहान बाळ' हे वाक्य वाचून उलट दुसराच प्रश्न पुढे आला. मग आपलं बाळ लहान का?

सकाळी डॉक्टर आल्या तेव्हा तोच विचारला. त्यांनी फाईल उलटी फिरवून दाखवली. दिवस भरलेले, ३८ आठवडे. आठव्या महिन्यापासून ताईचं बीपी वाढलेलं, त्यामुळे वारेतून पुरवठा कमी पडला असणार. सोनोग्राफीत व्यंग काही नाही. "दोन दिवस शुगर बघू, दर दोन तासांनी पाजा, अंगाशी धरून ठेवा," एवढंच. बीपीचं ताईने मला कधी सांगितलंच नव्हतं, त्यावरून आमचं तिथेच थोडं वाजलं. असो.

काल वजन केलं. २ किलो ७६० ग्रॅम. आईचं म्हणणं काटाच बिघडलाय, हातात घेतल्यावर चांगली तीन किलोची लागते.