आफ्रो-मेक्सिकन : उशिरा मोजलेली माणसे

स्पॅनिश राजवटीत मेक्सिकोत आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे वंशज प्रामुख्याने व्हेराक्रूझमध्ये आणि गेरेरो-ओआहाका राज्यांच्या कोस्ता चिका किनारपट्टीवर आढळतात. व्हेराक्रूझच्या डोंगरात यांगा या फरारी गुलामाने वसवलेल्या वस्तीला सतराव्या शतकात स्पॅनिश सत्तेला मान्यता द्यावी लागली. १८२९ मध्ये गुलामगिरी रद्द करणारे राष्ट्राध्यक्ष विसेन्ते गेरेरो हेही आफ्रिकी वंशाचे. तरीही स्पॅनिश व मूळनिवासी यांच्या मिश्रणातून राष्ट्र घडले, या अधिकृत समजुतीत या समाजाला स्थान नव्हते. कोस्ता चिकात मृतांच्या सणाला दाढीदार मुखवटे चढवून, जनावराच्या जबड्याच्या हाडावर ताल धरीत ‘सैतानांचा नाच’ रंगतो. हे नाचणारेच देशात अनेकदा परदेशी समजले जातात! राज्यघटनेने त्यांची दखल घेतली ती २०१९ मध्ये. २०२० च्या जनगणनेत सुमारे २५ लाख ७६ हजार जणांनी आपली ही ओळख नोंदवली.