मुदत : रात्री ११.५९

फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत एकूण हजार गुण. त्यातले दीडशे गाडी जागची न हलता मिळतात किंवा जातात. हे डिझाइनचे गुण. गाडी अशीच का बांधली, हे परीक्षकांना पटवायचं असतं, आणि परीक्षक गाडीपाशी येतात तेव्हा संघाचा डिझाइन रिपोर्ट त्यांनी आधीच वाचलेला असतो. वर्षागणिक नियम थोडे बदलतात, पण साधारण आठ पानं, त्यात रेखाचित्रं, आणि सोबत आकड्यांचा एक एक्सेल तक्ता. अमेरिकेत १९८१ पासून विद्यार्थी हे करत आलेत. आपल्याकडची फॉर्म्युला भारत ही स्पर्धा जानेवारीत कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर भरते. रिपोर्टची मुदत तिच्या कित्येक आठवडे आधी संपते.

खालचा संघ कल्पनेतला आहे. खोपोलीजवळचं एखादं इंजिनिअरिंग कॉलेज समजा, ऑक्टोबरातला एक दिवस समजा. लोचे मात्र कुठल्याही कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सांगून बघा, ओळखीचेच निघतील.

सकाळी ८

कर्जत-खोपोली लोकलमधून सस्पेन्शनवाल्याचा मेसेज येतो : ‘गाडीत बसलो. माझं पान आज लिहून टाकतो.’ कॅप्टन अंगठा पाठवतो. इंजिनवाल्याचं पान तयार आहे. केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं इंजिन, नियमाप्रमाणे हवा आत घ्यायला जेमतेम २० मिलिमीटरचं भोक, त्यातून जास्तीत जास्त हवा कशी ओढली त्याचे आलेख. या पोराने जूनपासून वही ठेवली होती. संघात असा एखादाच असतो आणि त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही.

सकाळी ९.३०

वर्कशॉपमधल्या कॉम्प्युटरवर गेल्या वर्षीची फाइल उघडली जाते. नाव : ‘रिपोर्ट फायनल नवा ३’. नव्या नावाने सेव्ह. मुखपृष्ठावरचं साल बदललं. पुढचे पंधरा तास कुणाच्याही लक्षात येणार नाही, पण घात झाला तो इथे. जुना रिपोर्ट समोर ठेवण्यात गैर काही नाही, सगळेच ठेवतात. पण जुनी वाक्यं नव्या गाडीखाली तशीच राहिली, की ती खोटी आहेत हे वाक्यांकडे बघून कळत नाही.

सकाळी ११

इथे थोडं थांबून रॉकर समजून घ्यावा लागेल. चाक वर उचललं की पुशरॉड रॉकरला ढकलतो आणि रॉकर स्प्रिंग दाबतो. गेल्या वर्षी चाक १० मिलिमीटर हललं तर स्प्रिंग ८ मिलिमीटर दाबली जायची. म्हणजे मोशन रेशो ०.८. ऑगस्टमध्ये सस्पेन्शनवाल्याने नवा रॉकर काढला : चाक १०, स्प्रिंगही १०. रेशो १. कारण चोख होतं. डॅम्पर जितका जास्त हलतो तितकं त्याचं काम नीट होतं, बारीकसारीक हेलकावेही तो पकडतो. परीक्षकांना ऐकायला आवडावं असं हे कारण. ते सांगितलं गेलं होतं व्हॉट्सॲपच्या एका व्हॉइस नोटमध्ये, मागे ग्राइंडर चालू असताना.

त्याच नोटमध्ये शेवटी एक वाक्य आहे : ‘आता स्प्रिंगा मऊ मागवायला लागतील.’ त्या मागवायच्या राहिल्या. पैसे चेसिसच्या नळ्यांत गेले होते. गाडीवर चढल्या त्या गेल्या वर्षीच्याच, १५० पाउंड प्रति इंचाच्या.

दुपारी १

रमाकांतचे वडापाव.

दुपारी ३

एक्सेलचा तक्ता भरायला दुसऱ्या वर्षाचा मुलगा बसवलाय. मुलगा प्रामाणिक आहे. स्प्रिंगेवरचा आकडा वाचून तो १५० लिहितो. मोशन रेशो थेट कॅड मॉडेलवरून घेतो : १. पुढच्या रकान्यात पुढच्या सस्पेन्शनची नैसर्गिक वारंवारता हवी, म्हणजे चाकावर तोललेली गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली झुलेल तो आकडा. तो कुठून आणायचा? विचारल्यावर उत्तर येतं, “रिपोर्टात बघ ना.” रिपोर्टात आहे २.८ हर्ट्झ. तो २.८ लिहितो.

तीन आकडे, एकाखाली एक. एकमेकांशी न जुळणारे.

संध्याकाळी ५.१५

घाटावरून ढग उतरतात. परतीचा पाऊस, विजा, आणि साडेपाचच्या आत लाइट जातात. टाटांनी १९१५ मध्ये लोणावळा-वळवणच्या तलावांचं पाणी घाटाखाली आणून इथे वीज केली आणि मुंबईच्या गिरण्या चालवल्या. त्या गावात पावसाने ढेकर दिला की अंधार, यावर खोपोलीकर आता विनोदही करत नाहीत. चेसिस किती पिळवटते ते काढणारं ॲन्सिस या सॉफ्टवेअरमधलं गणित अर्ध्यावर मरतं. यूपीएस दहा मिनिटं किंचाळतो.

या क्षणापासून सगळा संघ चेसिसच्या त्या एका आकड्यामागे लागतो. संकट दिसतंय, आवाज करतंय, आणि सगळ्यांना एकत्र धावायला लावतंय. मला विचाराल तर त्या संध्याकाळची सगळ्यात महागडी गोष्ट हीच. लाइट गेले नसते तर कुणीतरी सस्पेन्शनचं पान निदान एकदा मोठ्याने वाचलं असतं.

संध्याकाळी ७.३०

कॉम्प्युटरचा डबा रेनकोटात गुंडाळून ॲक्टिव्हावरून शिळफाट्याच्या एका खोलीवर. तिथे लाइट आहेत. मोबाइलच्या नेटवर गणित पुन्हा चालू.

रात्री ९

कॅप्टन गेल्या वर्षीच्या कॅप्टनला फोन लावतो. तो आता चाकणला नोकरीला आहे, नुकताच शिफ्टवरून आलाय.

“दादा, ते पुढचं २.८ आपण का घेतलं होतं? एक ओळ लिहायचीय.”

“अरे, आमच्या आधीही तेच होतं. चाललं होतं, म्हणून ठेवलं. रॉकर तोच आहे ना?”

“हो दादा, सस्पेन्शन सगळं तेच आहे.”

कॅप्टन खोटं बोलत नाही. त्याच्या डोक्यात सस्पेन्शन म्हणजे चाकं धरणारे आर्म, आणि आर्म खरंच तेच आहेत. ज्याला माहीत आहे तो शेजारीच चेसिसचं मेश नीट करत बसलाय, कानात इयरफोन घालून.

रात्री १०.४०

पानं नऊ झाली. एक उडवायला हवं. फोटो बारीक होतात, समास आक्रसतात, तरी सहा ओळी उरतात. नव्या रॉकरचा परिच्छेद बरोबर सहा ओळींचा आहे. सकाळी लोकलमध्ये लिहिलेला, आणि त्या अख्ख्या रिपोर्टात ‘का’ हा प्रश्न स्वतःला विचारणारा जवळजवळ एकटाच. “हे तोंडी सांगता येईल,” कॅप्टन म्हणतो, आणि परिच्छेद जातो.

रात्री ११.३१

पीडीएफ मर्यादेपेक्षा जड. दाबून हलकी केली. रेखाचित्रांवरची मापं धुरकट झाली, पण दिसतात.

रात्री ११.५७

फाइल चढली. खोलीत जो आरडाओरडा झाला त्याने खालचे काका जिना चढून आले.

रात्री १२.२०

सस्पेन्शनवाला मोबाइलवर तक्ता चाळतोय, निव्वळ कौतुकाने. मग तो उठून बसतो. चाकापाशी जाणवणारा ताठपणा म्हणजे स्प्रिंगेचा ताठपणा गुणिले रेशोचा वर्ग. १५० पाउंडांची स्प्रिंग म्हणजे मिलिमीटरला सुमारे २६ न्यूटन. जुना रेशो ०.८, त्याचा वर्ग ०.६४; चाकापाशी उरायचे १७. पुढच्या एका चाकावर झुलणारं वजन ५५ किलो धरलं तर २.८ हर्ट्झ अगदी बरोबर. नवा रेशो १. चाकापाशी पुरे २६. मोबाइलचा कॅल्क्युलेटर सांगतो : ३.५.

फाइल बदलायची तर ती आता उशिराची ठरणार, आणि उशिराला दिवसामागे दहा गुण कापणं ही या स्पर्धांची जुनी रीत. खोलीत मतं पडतात. दहा गुण नक्की जाणार, आणि ही चूक कुणाला दिसेल न दिसेल. “एवढं कोण बघतंय?” या वाक्यावर ठराव मंजूर होतो आणि सगळे झोपतात. मऊ स्प्रिंगा डिसेंबरातही येत नाहीत. टायरांचं बिल आलेलं असतं.

जानेवारी, कोइमतूर

बघणारे असतात. परीक्षक बहुतेक गाड्यांच्या धंद्यातलेच, हौसेने आलेले. या संघाच्या परीक्षकांनी तक्त्याच्या छापील प्रतीवर तीन आकड्यांना पेन्सिलीने गोल करून ठेवलेत. ते वाकून रॉकर बघतात, पुढची बाजू दोन्ही हातांनी दाबून बघतात.

“ही गाडी साडेतीन हर्ट्झची आहे. मग हे २.८ कुणाचं?”

“सर, सीनिअर्सचं.”

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ब्रेककडे वळले.