जीपचा खडखडाट

माहूरगड चढणारी जुनी जीप दिसण्याआधी ऐकू येते. त्या खडखडाटाचा माग काढू गेल्यास आपण दुसऱ्या महायुद्धात जाऊन पोहोचतो. 1941 पासून अमेरिकेच्या विलीस कंपनीने सैन्यासाठी साडेतीन लाखांवर जीपगाड्या बांधल्या. त्याच घराण्यातली गाडी पुढे महिंद्रांनी मुंबईत जोडावयास घेतली. तिचे पाटे ज्या शॅकलांनी टांगलेले असत, त्यांना रबरी बुश नव्हते. आटे पाडलेले पोलादी बुश होते, आणि त्यांना दर हजार मैलांना ग्रीस लागे. सैन्यात ग्रीसचा पंपही असे आणि हुकूमही! पुढे धुळीच्या रस्त्यांवर ग्रीस सुकले, धूळ आत शिरली, आणि तिने कानशीसारखे आटे खाल्ले.

म्हणून जाणता मिस्त्री प्रथम उभ्या गाडीचे इंजिन फिरवून पाहतो. आवाज तेव्हाही आला, तर सायलेन्सर तपासावा. क्लच सोडताना ठक्‌ झाले, तर जॉइंटचा क्रॉस. केवळ खड्ड्यांत खडखडली, तर शॅकल. चॅसीस जॅकवर घेऊन पहार लावली की ढिलाई हाताला कळते. पुढचे शॅकल झिजलेले असल्यास स्टिअरिंग भरकटते, आणि गडाच्या वळणावर तेवढी ढिलाई पुरेशी असते.