भांड्यावरचं नाव : धातूवर कोरलेल्या अक्षरांचा इतिहास

(आंबवडे, ता. भोर येथील व्याख्यानाचं शब्दांकन)



आंबवड्यात उभं राहून इतिहासावर बोलायचं म्हणजे जरा दडपणच येतं. याच गावात कान्होजी जेध्यांची समाधी आहे, जिवा महालांची आहे, शंकराजी नारायण सचिवांची आहे. या तिघांवर इथे पुष्कळ बोललं गेलंय आणि पुढेही बोललं जाईल. मी आज विषय घेतलाय तो तुमच्या माळ्यावरच्या हंड्या-कळशांचा. त्यांच्यावर जे नाव कोरलेलं असतं, त्याचा. हा इतिहासाचा विषय आहे का, असं कुणाला वाटेल. आहे, आणि तो या समाध्यांपासून फार लांबचाही नाही.

सुरुवात सचिवांपासूनच करू. सचिव म्हणजे आधीच्या भाषेत सुरनीस. अष्टप्रधानांतल्या या माणसाचं काम काय? राजाची पत्रं तपासायची, त्यात अक्षर कमी-जास्त झालं असेल तर दुरुस्त करायचं आणि मग त्यावर आपली खूण करायची. राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायणांकडे आलं, त्यांच्यापासून भोरच्या पंतसचिवांचं घराणं सुरू झालं, आणि १७०७ साली त्यांनी इथेच देह ठेवला. आता पत्र खरं कशावरून ठरायचं? सहीवरून नाही. शिक्क्यावरून. पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मोर्तब. पत्र संपलं तिथेच मोर्तब उठवलं, की त्याखाली कुणाला चार ओळी वाढवता येत नाहीत.

तुमच्याच तालुक्यातलं उदाहरण घ्या. रांझ्याच्या पाटलाला शिक्षा केल्याचं शिवाजी महाराजांचं पत्र २८ जानेवारी १६४६ चं आहे. महाराजांच्या अष्टकोनी संस्कृत मुद्रेच्या अगदी सुरुवातीच्या पत्रांत ते धरलं जातं. त्या मुद्रेच्या अर्थावर आपण भरभरून बोलतो. पण ती अक्षरं कुणीतरी हाताने, धातूच्या लहानशा तुकड्यावर, उलटी कोरली होती. उलटी कोरली तरच कागदावर सुलटी उमटणार! काना डावीकडचा उजवीकडे, वेलांटी उलट्या बाजूला. एक चूक झाली की तुकडा वाया. पत्रातला पाटील आपल्याला नावानिशी माहीत आहे. शिक्का कोरणारा माहीत नाही.

असं नेहमीच नव्हतं बरं का. जुने ताम्रपट बघा. मजकूर आधी पत्र्यावर लिहिला जायचा, मग कोरणारा त्यावरून छिन्नी चालवायचा. कित्येक ताम्रपटांच्या शेवटी 'अमक्याने हे उत्कीर्ण केलं' असं नाव येतं. राजाच्या दानाखाली कारागिराचं नाव. पुढे ही जागा हळूहळू गेली.

यातला सगळ्यात चटका लावणारा प्रसंग मिरजेचा. पुण्याचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट आणि नाना फडणीस यांच्या काळात पुण्यातल्या एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरं कोरून छापायचं तंत्र शिकवलं गेलं. मॅलेट विलायतेला परतला, १८०० साली नाना गेले, आणि पुण्यात या कामाला आश्रय उरला नाही. तो तांबट मिरजेला गंगाधरराव गोविंद पटवर्धनांकडे गेला आणि १८०५ साली तिथे भगवद्गीता छापून निघाली. मराठी मुलखातल्या देवनागरी छपाईचा हा अगदी आरंभ. लक्षात घ्या, हंडे-कळशा घडवणारा हात तोच, त्याने गीता कोरली. पुढे १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर काढला. तिथल्या देखण्या टायपामागे राणोजी रावजी आरू यांचा हात होता. तेही धातूवर अक्षर कोरण्याचंच काम. म्हणजे आपण ज्याला छापील अक्षर म्हणतो, ते आधी कुणीतरी हाताने कोरलेलं अक्षर आहे.

आता माळ्यावर चढू.

भांड्यांवर नाव का घालायचे? पहिलं कारण अगदी व्यवहाराचं. गावात लग्न असो, बारसं असो की उत्सवाची पंगत, भांडी घरोघरहून गोळा व्हायची. शंभर तांबे एका जागी आले की कुणाचा कोणता, हे सांगणार कोण? नाव सांगणार. दुसरं कारण भेटीचं. लेकीच्या लग्नात मामाने दिलेला हंडा, आत्याने दिलेली परात. 'सप्रेम भेट' ही दोन शब्दांची पावतीच होती. लग्नातल्या भेटींची यादी ठेवावी असा सरकारी नियम १९८५ साली झाला. आपल्या बायकांची यादी त्याच्या कितीतरी आधीपासून फडताळात मांडलेली होती, पितळेवर कोरलेली.

आणि खरा मुद्दा इथे आहे. जमिनीचे कागद काढा, बहुतेक पुरुषांची नावं. वंशावळ काढा, त्यात 'यांस दोन कन्या' एवढंच. शाळेचं तोंड न पाहिलेल्या तुमच्या पणजीचं नाव कुठे लिहिलेलं सापडेल? पुष्कळ घरांत ते एकाच ठिकाणी सापडेल, कळशीच्या गळ्यावर. 'सौ.' असेल तर एक अर्थ, 'ग. भा.' असेल तर दुसरा. एकाच बाईच्या दोन भांड्यांवर ही दोन्ही बिरुदं असतील, तर त्या दोन भांड्यांच्या मधे तिच्या आयुष्यात काय घडलं ते वेगळं सांगायला नको.

भांडं वाचायचं कसं, तेही सांगतो. तारीख असेल तर प्रश्न नाही, फक्त शके आहे की इसवी सन ते बघायचं. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन येतो. तारीख नसेल तर पत्ता बघा. 'संस्थान भोर' असं असेल तर ते अक्षर बहुधा १९४८ च्या आधीचं, कारण त्या साली संस्थान विलीन झालं. पिनकोड असेल तर १९७२ च्या नंतरचं. पितळ वजनावर विकलं जायचं, म्हणून कधीकधी वजनही कोरलेलं असतं. ते शेरात असेल तर जुनं, किलोत असेल तर १९६० च्या आगेमागे किंवा नंतरचं. मग अक्षराचं वळण बघा. छिन्नी आणि छोट्या हातोडीने घातलेलं अक्षर तुटक रेघांचं, कमी-जास्त खोलीचं असतं. विजेच्या मशीनचं अक्षर बारीक एकसारख्या ठिपक्यांचं, सरसर लिहिल्यासारखं. स्टीलची भांडी आली आणि मशीनचं काम वाढलं, कारण पितळेइतकं मऊ स्टील नसतं.

ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं तर हसू नका. कोरणाऱ्याने चिठ्ठीत होतं ते किंवा कानाला ऐकू आलं ते घातलं. त्यामुळे नावाचा बोलण्यातला उच्चार तिथे टिकून राहतो. भांड्याचे सचिव कुणी नव्हते ना, अक्षर दुरुस्त करायला!

एक सावधगिरी मात्र हवी. आजकाल तरुण मुलं खिशातल्या धातूच्या लायटरवर नाव किंवा नक्षी कोरून घेतात. तेही याच कुळातलं काम. पूर्वी चंचीत चकमक असायची, मग आगपेटी आली, मग लायटर. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी काडतुसांच्या पितळी नळ्यांपासून लायटर केले. अमेरिकेत १९३२ साली झिप्पो कंपनी निघाली. त्यांच्या लायटरला आत पितळ आणि वर क्रोमचा मुलामा, त्यामुळे कलम चाललं की पांढऱ्यावर पिवळी रेघ उठते. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन शिपाई तिथल्या रस्त्यावरच्या कारागिरांकडून लायटरवर नाव, ठिकाण, साल कोरून घ्यायचे. घर हजारो मैल लांब, उद्याचा भरवसा नाही. अशा वेळी माणसाला आपलं नाव कागदापेक्षा टिकाऊ गोष्टीवर हवं असतं. पण युद्ध संपल्यावर पर्यटकांसाठी तसेच लायटर मुद्दाम कोरून विकले गेले, आणि आज खरा कोणता, बनावट कोणता, हे जाणकारालाही पटकन सांगता येत नाही. आपल्यासाठी धडा असा, की कोरलेलं साल हे वस्तू घडल्याचं साल असेलच असं नाही. आजीचा हंडा नातीला देताना त्यावर नवं नाव घातलं जातं. एकाच हंड्यावर दोन नावं दिसली तर दोन पिढ्या वाचा. जुनं नाव घासून काढलेलं दिसलं, तर हंडा विकला गेला की वाटणीत गेला, हे घरात विचारा.

शेवटचं सांगतो. ही भांडी झपाट्याने मोडीत चालली आहेत. घर लहान, चूल गेली, कल्हईवाला मिळत नाही, पितळेला भाव चांगला येतो. कुणी विकलं तर मी दोष देणार नाही, गरज असते. पण दुकानदाराच्या काट्यावर हंड्याचं वजन होतं, नावाचं होत नाही. भट्टीत मात्र दोन्ही जातं. म्हणून एवढंच करा. भांडं देण्याआधी त्यावरचं अक्षर जसंच्या तसं वहीत उतरवून घ्या, चूक असेल तर चुकीसकट. अक्षर पुसट असेल तर वर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवा, उठून येईल. मोबाइलने फोटो काढा, उजेड बाजूने पडू द्या. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही बाई आपली कोण?

त्यांना उत्तर माहीत आहे तोवर विचारा. भांडं राहिलं तरी हे उत्तर भांड्यावर कोरलेलं नसतं.