छातीचा एक्स-रे : सावल्यांचा अर्थ आणि त्यांची मर्यादा

दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला खोकला, ताप, धाप किंवा छातीत दुखणे अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला बहुधा सर्वप्रथम सांगितली जाणारी तपासणी म्हणजे छातीचा एक्स-रे. ही तपासणी स्वस्त असून काही मिनिटांत होते आणि तिच्यातील किरणोत्सर्गाची मात्रा अत्यल्प, म्हणजे निसर्गातून माणसाला काही दिवसांत मिळणाऱ्या मात्रेएवढीच असते. मात्र ‘छातीत डाग दिसतो’ एवढ्यावरून रोगाचे नाव ठरत नाही. एक्स-रे संशय निर्माण करतो, त्याची पुष्टी इतर तपासण्यांनी करावी लागते.

जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म राँटगेन यांनी 1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. त्यासाठी त्यांना 1901 मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. हे किरण हवेतून सहज पार होतात, हाडांत मात्र मोठ्या प्रमाणावर अडतात. त्यामुळे हवेने भरलेली फुफ्फुसे काळी, हाडे पांढरी, तर हृदय, रक्तवाहिन्या आणि पाणी करड्या-पांढऱ्या छटांत उमटतात. फुफ्फुसातील हवेची जागा पू, पाणी, रक्त किंवा गाठ यांपैकी कशानेही घेतली, तरी त्या ठिकाणी पांढरी सावलीच दिसते. एक्स-रेचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही यातच आहेत.

वाचनापूर्वीची पडताळणी

तज्ज्ञ प्रथम रुग्णाचे नाव, तारीख आणि डावी-उजवी बाजू दर्शविणारी खूण पाहतात. चित्रातील डावी बाजू ही रुग्णाची उजवी बाजू असते. रुग्णाने पूर्ण श्वास घेतला नसेल, तर फुफ्फुसांचा तळ निष्कारण पांढरट दिसतो. उभ्या रुग्णाच्या पाठीमागून किरण सोडून घेतलेला एक्स-रे अधिक विश्वासार्ह मानला जातो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा समोरून घेतलेल्या चित्रात हृदयाचा आकार प्रत्यक्षाहून मोठा भासतो.

त्यानंतर श्वासनलिका, हृदय, फुफ्फुसांची मुळे, दोन्ही फुफ्फुसे, श्वासपटल आणि बरगड्या यांची ठरावीक क्रमाने तपासणी होते. निरोगी प्रौढात हृदयाची रुंदी छातीच्या आतील रुंदीच्या निम्म्याहून अधिक नसते. खाली यकृत असल्याने उजवे श्वासपटल डाव्यापेक्षा किंचित वर असते. फुफ्फुसांची शिखरे आणि हृदयामागचा भाग या ठिकाणी दोष नजरेतून निसटण्याचा धोका अधिक, म्हणून त्या जागा पुन्हा पाहण्याची शिस्त पाळली जाते.

सामान्य विकारांच्या खुणा

न्यूमोनियात फुफ्फुसाचा एखादा भाग पांढरा होतो आणि त्या पांढऱ्या भागातून हवेने भरलेल्या श्वासनलिका काळ्या रेषांसारख्या दिसू शकतात. रुग्णाला बरे वाटू लागल्यावरही ही सावली विरण्यास काही आठवडे लागतात.

फुफ्फुसावरणात पाणी झाल्यास बरगड्या आणि श्वासपटल यांच्यामधील टोकदार कोन बोथट होतो. उभ्या स्थितीतील एक्स-रेमध्ये हा बदल दिसण्यासाठी साधारण 200 मिलिलिटर पाणी साठावे लागते. पाणी फार वाढले की हृदय विरुद्ध बाजूस ढकलले जाते. याउलट फुफ्फुसाचा भाग आकसला असेल, तर हृदय आणि श्वासनलिका त्याच बाजूस ओढल्या जातात.

फुफ्फुसावरणात हवा शिरल्यास फुफ्फुसाची कडा बारीक रेषेसारखी दिसते आणि तिच्या पलीकडे रक्तवाहिन्यांच्या खुणा नसतात. ही हवा दाबाखाली साठू लागली, तर प्राणावर बेतू शकते. अशा वेळी एक्स-रेची वाट न पाहता उपचार करावे लागतात.

दीर्घकालीन धूम्रपान किंवा चुलीचा धूर यांमुळे होणाऱ्या सीओपीडीमध्ये फुफ्फुसे अतिफुगलेली आणि श्वासपटल सपाट दिसते. दम्याच्या रुग्णाचा एक्स-रे मात्र पुष्कळदा निर्दोष असतो.

एकच सावली, अनेक कारणे

प्रौढांतील क्षयरोग बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात आढळतो. तेथे डाग आणि पोकळ्या दिसतात. मात्र मधुमेही रुग्णांत तो खालच्या भागातही आढळू शकतो आणि एचआयव्हीबाधित व्यक्तीचा एक्स-रे क्षयरोग असूनही निर्दोष दिसू शकतो. पूर्वी बऱ्या झालेल्या क्षयरोगाचे व्रण आयुष्यभर राहतात. केवळ त्यांच्या आधारे पुन्हा औषधे सुरू केली, तर रुग्णाला निष्कारण त्रास होतो आणि खऱ्या आजाराचे निदान लांबते. फुफ्फुसाचा कर्करोगही आरंभी क्षयरोगासारखाच डाग म्हणून दिसू शकतो.

दोन्ही फुफ्फुसांत पसरलेले बारीक ठिपके क्षयरोगाचे असू शकतात, तसेच सिलिकोसिसचेही. राजस्थानातील दगडखाणी किंवा गुजरातमधील खंभातचा अकीक उद्योग येथील कामगारांना सिलिकायुक्त धुळीमुळे हा रोग जडतो. सिलिकोसिस झालेल्यांना क्षयरोगाचा धोकाही अधिक असतो. त्यामुळे रुग्णाचा व्यवसाय कोणता, हा प्रश्न निदानासाठी चित्राइतकाच महत्त्वाचा ठरतो.

तपासणी मोहिमांतील स्थान

देशात 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात, छातीचा एक्स-रे काढला नसता तर 42.6 टक्के रुग्ण हाती लागले नसते, असे आढळले. लक्षणे नसलेल्या किंवा ती न सांगणाऱ्या व्यक्तींमधील रोग यातून उघड झाला. त्यामुळेच क्षयरोग निर्मूलन मोहिमांत हातात धरून नेता येणाऱ्या एक्स-रे यंत्रांचा वापर वाढला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 15 वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग चाळणीसाठी संगणकीय वाचनप्रणालीचा वापर करण्यास मान्यता दिली. रेडिओलॉजिस्ट उपलब्ध नसलेल्या भागांत ही प्रणाली उपयुक्त ठरते. तथापि, संशयित ठरलेल्या व्यक्तीच्या बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यांसारखी जनुकीय तपासणी आवश्यक असते. जंतूचे अस्तित्व आणि रिफॅम्पिसिन या प्रमुख औषधाला त्याचा प्रतिरोध यांची माहिती सावलीतून नव्हे, तर या तपासणीतून मिळते.

रुग्णांनी जुने एक्स-रे जपून ठेवणे आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत नेणे हितावह आहे. डाग नवा आहे की अनेक वर्षांचा, हे जुन्या चित्राशी तुलना केल्यावरच स्पष्ट होते. गर्भवती असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास तपासणीपूर्वीच सांगावे. एक्स-रे निर्दोष असूनही खोकला, ताप, वजनातील घट किंवा बेडक्यातून रक्त पडणे सुरू राहिल्यास पुढील तपासण्या टाळू नयेत.