पेरेपत्रक ते सातबारा : माल कोणाचा?

मालेगावसारख्या (जि. वाशीम) तालुक्याच्या गावी हमीभावाने सोयाबीन विकू पाहणाऱ्याला पहिला प्रश्न मालाच्या प्रतीविषयी विचारला जात नाही. सातबारा आणला आहे काय आणि त्यावर सोयाबीनचा पेरा चढला आहे काय, हे आधी पाहिले जाते. माल समोर असतानाही तो कोणाचा हे कागदाने सांगावे लागते. ही रीत आपल्या प्रदेशात कशी रुजली, हे पाहण्यासारखे आहे.

याच जिल्ह्यातील कारंजा येथे १८८६ साली, हैदराबादच्या रेसिडेन्सीच्या आदेशान्वये, देशातील पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ स्थापन झाली. त्यामागे वऱ्हाडच्या शेतकऱ्याविषयीच्या कळवळ्यापेक्षा मँचेस्टरच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस रास्त दरात मिळावा ही निकड अधिक होती. पुढे १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. त्याचा रोख बाजाराची जागा, वजनमापे, दलाल आणि मापारी यांच्यावर होता. विकणाऱ्याच्या मालकीपेक्षा घेणाऱ्याचे आणि मोजणाऱ्याचे वर्तन संशयास्पद मानले गेले होते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

हा संशय विकणाऱ्याकडे वळला तो कापूस एकाधिकार खरेदी योजनेत. १९७१ च्या कायद्यानुसार १९७२ च्या हंगामापासून राज्यातला कापूस शासनाच्याच यंत्रणेला विकणे बंधनकारक झाले आणि राज्याच्या सीमेपलीकडे कापूस नेण्यावर निर्बंध आले. व्यापाऱ्याच्या मगरमिठीतून शेतकऱ्याची सुटका व्हावी, हा हेतू निःसंशय चांगला होता. पण हमी दर शेतकऱ्यालाच द्यायचा, तर समोरचा माणूस शेतकरीच आहे आणि कापूस परराज्यातला नाही, हे सिद्ध व्हायला हवे. त्यासाठी सातबारा हाताशी होताच. शेजारी भाव चढे असत तेव्हा कापूस चोरवाटांनी बाहेर जाई आणि येथे दर चांगला असे तेव्हा बाहेरचा आत येई. स्वतःच्या शेतातला माल स्वतःच्या गाडीतून नेणे हाही गुन्हा ठरावा, याविरुद्ध शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने आवाज उठवला. २००२ साली खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मुभा मिळाली आणि एकाधिकार संपला. कागद मात्र राहिला.

सातबारा हा शब्दच मुळात दोन नमुन्यांची जोडणी आहे. गाव नमुना सात जमीन कोणाची हे सांगतो, तर बारा तीत काय पिकले हे सांगतो. वऱ्हाडातली जुनी माणसे या कागदाला ‘पेरेपत्रक’ म्हणत. त्या नावात पेरणी आहे, मालकी नाही. नव्या नावात मालकीचा आकडा आधी आला आणि पेरणीचा नंतर. हा योगायोग असला, तरी अर्थपूर्ण आहे.

कारण खरा पेच याच दोन आकड्यांच्या मधल्या फटीत आहे. बटईने किंवा मक्त्याने दुसऱ्याचे शेत करणारा माणूस बियाणे, खत, मजुरी यांचा भार उचलतो, पण सातबारावर त्याचे नाव नसते. विदर्भासाठीचा १९५८ चा कूळकायदा झाल्यापासून जमीनमालकाला एक धास्ती असते. कसणाऱ्याचे नाव कागदावर आले तर उद्या तो हक्क सांगेल, असे त्याला वाटते. म्हणजे कुळाच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याच्या भीतीने कूळच कागदावरून नाहीसे झाले. माल विकताना त्याला मालकाच्या सातबारावर आणि मालकाच्याच बँक खात्यावर विसंबावे लागते. ते जमले नाही, तर मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला माल देणे एवढेच उरते. ज्याच्यापासून वाचवण्यासाठी हा सारा व्याप मांडला, त्याच्याच दारात तो परत येतो. शेती राबणाऱ्या, पण सातबारावर नाव नसलेल्या स्त्रियांची स्थिती याहून वेगळी नाही.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. तलाठ्याऐवजी शेतकरी स्वतःच मोबाइलवर पिकाचे छायाचित्र काढून पेरा नोंदवू लागला. परंतु तेथेही नोंद खातेदाराच्या नावावरच होते.

महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला, तेव्हा अक्षरशत्रू कुणब्याला कागदाने कसे नाडले जाते हा त्यांच्या चिंतेचा विषय होता. आज कुणबी वाचू शकतो. मात्र वाचता येणाऱ्या त्या कागदावर ज्याचे नावच नाही, त्याने पिकवलेला माल कोणाचा, याचे उत्तर सातबाराच्या कोणत्याही रकान्यात सापडत नाही.